चिपी–मुंबई विमान तीन वर्षांनी का थांबलं? भरलेलं विमान तोट्यात कसं जातं?

पिंगुळीची_लेक

नमस्कार मंडळी. माहेर कुडाळजवळ पिंगुळी, राहते डोंबिवलीला. बाबांवर मुंबईत हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे अधूनमधून त्यांना तपासणीसाठी इकडे आणावं लागतं. तेजस किंवा कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर ठीक, पण ते मिळायला हवं ना. आणि स्लीपर बसमध्ये रात्रभर त्यांना बसवायची माझी तयारी नाही.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिलं होतं. अलायन्स एअरचं सत्तर आसनांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, मुंबईहून सव्वा तासाच्या आसपास, आणि केंद्राच्या उडान या सवलतीच्या योजनेतलं तिकीट अडीच हजारांच्या घरात. बाबा सकाळी घरून निघून दुपारी माझ्याकडे जेवायला, हे आम्हाला अप्रूपच होतं. मग योजनेची तीन वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईची सेवा थांबली.

गावात कोणी म्हणतं राजकारण, कोणी म्हणतं प्रवासीच नव्हते. मला दुसरं पटत नाही. मी ज्या ज्या वेळी बसले त्या वेळी विमान जवळजवळ भरलेलं होतं. आणि तिकडे गोव्यात मोपाच्या विमानतळावर इंडिगोचं मोठं विमान पुष्कळदा यापेक्षा कमी पैशात नेतं!

आमच्याकडची प्रवासी मंडळी एक निवेदन तयार करताहेत आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. त्यात 'विमान सुरू करा' एवढंच लिहून पाठवायचं नाही. या धंद्यातलं कोणी इथे असेल तर कृपया समजावून सांगा. भरलेलं विमान परवडत नाही म्हणजे नेमकं काय होतं? आणि आम्ही मागायचं काय?

सावंतवाडीतून

ताई, मी खरं ते सांगतो. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथला माणूस चिपीला जात नाही, मोपाला जातो. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. बांद्याहून गोव्याची हद्द ओलांडली की पोचलोच. सकाळी, दुपारी, रात्री विमानं आहेत. एक चुकलं तर दुसरं मिळतं. चिपीला दिवसाची एकच फेरी, तीही ढगांवर अवलंबून. आमच्या बाजूचे प्रवासी चिपीने जानेवारी २०२३ मध्येच गमावले. तुमचं कुडाळसुद्धा महामार्गाने मोपापासून तासाभरावर आहे.

एटीआरवाला

ताई, मी एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत मार्गांचा हिशोब मांडणाऱ्या खात्यात होतो. ती कंपनी आता नाही आणि मी पुण्यात वेगळी नोकरी करतो. खालचे काही आकडे ढोबळ आहेत, पण हिशोबाची रीत हीच.

सुरुवात इंधनापासून करतो, कारण सगळे तिकडेच बोट दाखवतात. एटीआर ७२ तासाला साधारण साडेसातशे-आठशे किलो इंधन जाळतं. एअरबस ए३२० जवळपास अडीच हजार किलो. पण एकात ७० आसनं, दुसऱ्यात १८६. आसनामागे भागलंत तर तीनचारशे किलोमीटरच्या पल्ल्यावर पंख्याचं विमान मुळीच उधळं नाही. वर सरकारी सवलतीही आहेत. ४० टनांपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावर राज्याला मनमानी व्हॅट लावता येत नाही, केंद्राच्या कायद्याने तो चार-पाच टक्क्यांवर बांधलेला आहे. मुंबई-पुण्यात मोठ्या विमानांच्या इंधनावर २०२३ पर्यंत २५ टक्के व्हॅट होता, मग तो १८ वर आणला. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याचं शुल्कही माफ असतं. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ आसनं असतात, ती बरोब्बर या मर्यादेत बसतात.

म्हणजे इंधनात छोटी कंपनी हरत नाही. हरते ती बाकी सगळ्यात.

दोन्ही विमानांना वैमानिक दोनच लागतात. एटीआरवाल्यांचा पगार ७० तिकिटांतून निघायचा, एअरबसवाल्यांचा १८६ तिकिटांतून. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला सुरक्षा, प्रशिक्षण, देखभाल, उड्डाण नियंत्रण यांचे मान्यताप्राप्त प्रमुख नेमावे लागतात. विमानं पाच असोत की इंडिगोसारखी चारशेच्या वर, ही पदं चुकत नाहीत. आमच्याकडे एका वेळी जेवढी विमानं होती त्या मानाने हे डोईजड होतं, आणि त्यात काटछाट करायला कोणी धजत नसे. धजूही नये.

मग विमानाचं भाडं. आपल्याकडे बहुतेक विमानं भाड्याची असतात आणि भाडं डॉलरमध्ये. इंजिनाची देखभाल, सुटे भाग, तेही डॉलरमध्ये. चिपी सुरू झालं तेव्हा डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, थांबलं तेव्हा ८४. तिकीट मात्र रुपयात, आणि उडानच्या आसनांचं तर सरकारने बांधून दिलेलं. मधल्या काळात जून २०२२ मध्ये दिल्लीत विमानाच्या इंधनाने किलोलीटरला १ लाख ४१ हजारांचा टप्पा ओलांडला. आसनामागे काटकसरी असलेलं विमानसुद्धा असल्या भावात घाम फोडतं.

हे भाडं महिन्याचं असतं, विमान उडो वा न उडो. म्हणून खरा प्रश्न असा की विमान दिवसात किती तास हवेत असतं. स्वस्त कंपनीचं एअरबस पहाटे पाचला निघतं आणि मध्यरात्री थांबतं, बारा-तेरा तास हवेत. छोट्या गावांना जोडणारं एटीआर सात-आठ तासांवर अडकतं, कारण छोटे विमानतळ बरेचदा दिवसाच चालतात. मुंबईत हवा तो स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळत नाही. आणि पोचल्यावर वर घिरट्या घालत ताटकळावं लागतं. दिल्लीहून आलेल्या विमानाला वीस मिनिटं घिरट्या म्हणजे दोन तासांत वीस मिनिटं. चिपीहून आलेल्याला त्याच वीस मिनिटांत उड्डाणाचा पाव हिस्सा गेला. त्या दिवशीची शेवटची फेरी उशिरा होते, मग पलीकडचा विमानतळ बंद व्हायची वेळ, मग रद्द.

आणि हाताशी जास्तीचं विमान नसतं. विमान जमिनीवर अडकलं की आम्ही त्याला एओजी म्हणायचो. तीन विमानांतलं एक एओजी झालं की कंपनीचा एक तृतीयांश धंदा त्या दिवशी बुडाला. मोठ्या कंपनीत प्रवाशाला दुसऱ्या विमानात बसवतात. आमच्याकडे दुसरं विमान उद्या असायचं. मग तो माणूस पुढच्या वेळी मोपाचं तिकीट काढतो. त्याला दोष कसा द्यायचा?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. उडानमध्ये साधारण निम्मी आसनं बांधलेल्या दरात विकायची असतात. त्या आसनांचा तोटा भरून काढायला सरकारी अनुदान मिळतं, त्याला व्हीजीएफ म्हणतात. तो पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा करतात, आणि वाटा केंद्राच्या बाजूने ८० टक्के, राज्याचा २०. शिवाय तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्याला येता येत नाही. तीन वर्षं संपली की दोन्ही एकाच दिवशी जातं, पैसाही आणि संरक्षणही. उरतं ७० आसनांचं विमान, ज्याची सगळी तिकिटं बाजारभावाने विकायची. आणि बाजारभाव कोण ठरवतं? शेजारच्या मोपावरचं एअरबस. चारशे रुपये जास्त लावलेत की कुडाळचा माणूस टॅक्सी करून तिकडे जातो. म्हणून तुम्ही पाहिलेलं विमान भरलेलं असूनही पुरत नव्हतं. ते सवलतीच्या तिकिटावर भरत होतं.

हे फक्त चिपीचं नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे: उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ३७१ सुरू झाले. सवलतीची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत तगून राहिले ५४. नांदेड–हैदराबाद आठवतं? २७ एप्रिल २०१७ ला उडानच्या पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या मार्गांतला तो एक. चालवणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. जळगाव आणि नाशिकहून १९ आसनांची छोटी विमानं घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा उभी राहिलेली एअर डेक्कन २०२० मध्ये थांबली. दक्षिणेत एअर पेगासस जेमतेम सव्वा वर्ष टिकली, एअर कोस्टा साडेतीन. या प्रत्येक ठिकाणी मेहनती माणसं होती. पहाटे तीनला उठून येणारे लोडर, गावातलीच पोरं, पहिल्यांदा गणवेश घातलेल्या मुली. त्यांच्या कष्टात कसूर नव्हती, हे मला आवर्जून सांगायचंय.

तारकर्लीचा_खानावळवाला

एटीआरवाले दादा, वैमानिकाचा मुद्दा आमका बरोबर कळता. आमच्या खानावळीत चार माणसा जेवली काय नि चाळीस जेवली काय, चुलीकडचो माणूस तोच, पगार तोच.

आता जरा सगळ्यांना कळेल असं लिहितो. प्रवासी नव्हते हे मलाही मान्य नाही, पण ते वर्षभर सारखे नव्हते. नाताळ, मे महिना, चतुर्थी या वेळी मुंबईकर कितीही पैसे मोजून येतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पर्यटक नाही, समुद्र बंद, स्कूबा बंद, होडी वर काढलेली. त्यात पावसाळी ढगात विमान माघारी जाण्याची धास्ती. कंपनीला भाडं बारा महिने भरायचं, तर आमचा हंगाम सहा-सात महिन्यांचा.

आणखी एक. दोन रात्रींसाठी येणाऱ्या मुंबईकराला शुक्रवारी संध्याकाळी यायचं असतं आणि रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी पहाटे परत जायचं असतं. तुमच्या बाबांना सकाळी जाऊन डॉक्टरची भेट घ्यायची असते. दुपारचं विमान दोघांच्याही कामाचं नाही. वेळ चुकीची असेल तर स्वस्त तिकीट देऊनही माणूस येत नाही, हे मी रोज पाहतो. जून २०२३ पासून वंदे भारतही आली, कणकवलीला थांबते. एसी, वेळेवर, सामान किती का असेना. आंब्याच्या पेट्या घेऊन एटीआरमध्ये चढून बघा.

पिंगुळीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळे उघडले. पण एक शंका राहिलीच. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटर आहे, म्हणजे एअरबस उतरू शकतं असं सगळे म्हणतात. मग इंडिगोलाच बोलवावं, अशी एक सूचना निवेदनाच्या मसुद्यात आली आहे. ती ठेवू का?

एटीआरवाला

ठेवायची तर जपून ठेवा. कारण सांगतो.

छोट्या कंपनीला खरं संरक्षण देते ती लहान धावपट्टी. लक्षद्वीपच्या अगत्तीला एअरबस उतरूच शकत नाही. जळगावची धावपट्टीही तोकडी. फ्लाय९१ ही मोपालाच तळ असलेली नवी कंपनी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तिने अगत्ती आणि जळगाव धरलं ते उगाच नव्हे. तिथे एटीआरसमोर स्वस्त कंपनीचं एअरबस येऊन उभं राहत नाही. त्याच कंपनीने अगदी पहिल्या दिवशी बंगळूर–सिंधुदुर्गही सुरू केलं.

चिपीची धावपट्टी मोठी. म्हणजे छोट्या कंपनीने तीन वर्षं तोटा सोसून प्रवासी घडवले, तर चौथ्या वर्षी मोठी कंपनी एअरबस आणून ते उचलू शकते. हे प्रत्येक छोट्या कंपनीच्या मालकाला दिसतं आणि म्हणून तो तिथे पैसा ओतायला कचरतो. उलट मोठ्या कंपनीच्या बाजूने बघा. तिच्या दृष्टीने मोपा हेच सिंधुदुर्गाचं विमानतळ आहे. साठेक किलोमीटरवर दुसरं ठाणं कशाला उघडायचं? १८६ आसनं भरायला तुमच्याकडे रोज तेवढे लोक हवेत, पावसाळ्यातसुद्धा. म्हणून मला वाटतं तुमच्या गावाला योग्य विमान ७० आसनांचंच आहे, आणि भांडायचं असेल तर ते टिकावं कसं यासाठी भांडा.

मी असतो तर निवेदनात सगळ्यात आधी वेळ मागितली असती. सकाळी आठच्या आत चिपीहून निघणारं आणि संध्याकाळी मुंबईहून परतणारं. त्यासाठी विमान रात्री चिपीला मुक्कामाला राहायला हवं, आणि मुंबईत सकाळचा स्लॉट हवा. मुंबईत तो मिळणं महाकठीण, पण नवी मुंबई विमानतळ आता झालाय. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. नव्या विमानतळावर स्लॉट वाटले जात असतानाच राज्य सरकारने गावाकडच्या विमानांसाठी सकाळ-संध्याकाळचे काही राखून ठेवावेत, हे आत्ताच म्हटलं पाहिजे. दोन वर्षांनी तिथेही जागा उरणार नाही. डोंबिवलीहून तुम्हालाही ते सोयीचं.

दुसरं, मदत एका दिवसात तोडू नका असं लिहा. चौथ्या वर्षी निम्मी, पाचव्या वर्षी पाव, अशी उतरती. सोलापूरच्या विमानासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून व्हीजीएफ देऊ केला, म्हणजे दार बंद नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान धंदा सरकारी नियंत्रणातून मोकळा केला तेव्हाच लहान गावांच्या सेवेसाठी अनुदानाची वेगळी योजना कायद्यात घातली. ती अजून चालू आहे. मुदत संपली की नवी निविदा निघते, गाव वाऱ्यावर सोडत नाहीत. नॉर्वेतही फ्योर्डमधल्या लहान गावांची विमानं सरकार निविदा काढून चालवतं. एसटीचा तोट्यातला मार्ग आपण सेवा म्हणून चालवतोच की. आजारी माणसाला मुंबई गाठायची असेल तर तीही सेवाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं तुम्हीच करू शकाल. आसनांची हमी. कुठल्याही मार्गाचा हिशोब करताना आमची सगळ्यात मोठी भीती मंगळवार-बुधवारची असायची. शुक्रवार आपोआप भरतो. जिल्ह्यातली हॉटेलं, आंबा-काजूचे व्यापारी, कुडाळ एमआयडीसीतले कारखानदार यांनी मिळून मधल्या वारांची रोजची दहा-बारा आसनं वर्षभर आगाऊ घ्यायची तयारी लेखी दाखवली, तर त्या कागदाला कंपनीच्या हिशोब खात्यात जी किंमत मिळेल ती दहा हजार सह्यांना मिळणार नाही. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे म्हणून सांगतो.

करवीर

कोल्हापूरकडून थोडी भर. आमच्याकडे २०१८ च्या डिसेंबरात विमानसेवा नव्याने सुरू झाली तेव्हा हीच धाकधूक होती. मुंबईचा मार्ग आमच्याकडेही एकदा बंद पडून पुन्हा उभा राहिलाय. ऑक्टोबर २०२२ पासून तो स्टार एअरने चालवला. ती घोडावतांची, म्हणजे आमच्याच भागातली कंपनी, हा एक फरक. दुसरा फरक तिरुपती. बालाजीला गेलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतोच आणि आमचेही लोक तिकडे जातात, त्यामुळे विमान दोन्ही बाजूंनी भरतं आणि हंगाम बारमाही. हैदराबाद, बंगळूरला उद्योगधंद्याची ये-जा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमच्या शेजारी मोपा नाही. बेळगाव आहे, पण ते शंभरेक किलोमीटरवर आणि तिथेही विमानं छोटीच जास्त.

त्यामुळे मुंबईवरच अडून बसू नका असं सुचवेन. पुणे, हैदराबाद, बंगळूर ही विमानं चिपीला टिकली तर तिथला कर्मचारीवर्ग, अग्निशमन, हवामान कक्ष, सगळं चालू राहतं. मग मुंबईचं विमान पुन्हा सुरू करायला खर्च कमी येतो. एकदा विमानतळाला कुलूप लागलं की काय होतं ते नांदेडने पाहिलंय. २०२३ मध्ये बंद झालेला विमानतळ उघडायला मार्च २०२४ ची अखेर उजाडली.

पिंगुळीची_लेक

एअरबसची सूचना काढली. निवेदन आता तीन भागांत करतेय: नवी मुंबईत सकाळचा स्लॉट आणि चिपीला रात्रीचा मुक्काम, मदत टप्प्याटप्प्याने कमी करणं, आणि आसनांच्या हमीचं पत्र सोबत जोडणं.

खानावळवाले दादा, तारकर्ली-देवबागच्या हॉटेलवाल्यांना तुम्ही विचाराल का? मंगळवार-बुधवारची किती आसनं कोण घेऊ शकेल एवढंच हवंय, पावसाळ्यात कमी चालतील. कुडाळच्या डॉक्टरांकडून महिन्याला किती रुग्ण तपासणीसाठी मुंबईला पाठवले जातात ते मी विचारतेय. दोघांनी आधीच आकडा द्यायचं कबूल केलंय.

तारकर्लीचा_खानावळवाला

विचारतंय. रविवारी मालवणात आमची बैठक आसा, थंयच विषय काढतंय. जून ते सप्टेंबरचो आकडो वेगळो लिहून देतंय, म्हणजे हिशोब करणाऱ्याक फसवल्यासारखा वाटाचा नाय.